काकांसाठी आणलेली कानटोपी

नाशिकमध्ये पाय ठेवून मला जेमतेम वीस मिनिटं झाली होती आणि मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाले होते.

चूक माझीच म्हणा. रविवार कारंज्याजवळ उतरवताना रिक्षावाला म्हणाला होता, "पुढं रस्ता खोदलाय मॅडम, पायीच जा." मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईल काढला आणि 'नाशिकला का जाऊ नये' या यादीत सातवा मुद्दा टाकला — रस्ते खोदलेले. मग गर्दीतून वाट काढत तिवंधा चौकात पोचले. चौकाच्या मधोमध खरंच भलामोठा खड्डा होता. चौकोनी, दगडी, काठोकाठ पिवळ्या पाण्याने भरलेला. महापालिकेचं हे कसलं काम, म्हणून मी वाकून बघायला गेले... आणि समोरून एक माणूस धावत आला, "धप्पाऽऽ" असं ओरडला आणि त्याने सरळ त्यात उडी मारली.

अर्धा खड्डा माझ्या अंगावर आला.

पांढरा कुर्ता, पांढरी ओढणी, सकाळी आईने इस्त्री करून दिलेली. मला काही सेकंद श्वासच घेता येईना. डोळे पुसून बघितलं, तर तो माणूस काठाला धरून वर येत होता. केस, भुवया, मिशा, सगळं हळदीत लोळल्यासारखं. ओळखू येण्यासारखे फक्त डोळे होते, आणि ते चांगलेच घाबरलेले होते.

"लागलं का कुठे?" त्याचा आवाज पार बसला होता. सकाळपासून ओरडत असणार.

"लागलं का काय विचारता? भर रस्त्यात खड्ड्यात उड्या मारता, लाज नाही वाटत? होळी होऊन पाच दिवस झाले!"

मी एवढं बोलले मात्र, तो जागच्या जागी थिजला. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. माझ्याकडे टक लावून बघतच राहिला.

"तुम्ही... ठाण्याहून आलात?"

"कपाळावर लिहिलंय का माझ्या?"

"नाही, म्हणजे... मुंबई-ठाण्याचं माणूसच आज पांढरं घालून फिरतं. तुमची धुळवड, आमची रंगपंचमी. आणि मॅडम, हा खड्डा नाही. रहाड आहे, रंग खेळायचा हौद, पेशव्यांच्या काळातली. वर्षभर बुजवलेली असते, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला तेवढी उघडतात."

मी गुपचूप सातवा मुद्दा खोडला.

"बरं, मला पुढच्या गल्लीत जायचंय. सौर पंपांच्या कंपनीचं ऑफिस आहे ना? तिथे आमचे देवरामकाका असतात."

त्याला जोराचा ठसका लागला. रंगाचं पाणी घशात गेलं असावं.

"काका?"

"ऑफिसातले हो. देवराम भोये, सुरगाण्याचे. या महिन्यात रिटायर होतायत."

"रिटायर!" तो कसाबसा म्हणाला. "वय काय असेल त्यांचं?"

"अठ्ठावन्न, दुसरं काय? देवराम हे आजकालच्या मुलाचं नाव असतं का?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि त्याने पाण्यात आणखी एक बुडी मारली. वर आला तेव्हा म्हणाला, "पण आज ऑफिस बंद आहे. सुट्टी."

एवढ्या लांबून आले ते फुकटच. मी शेजारच्या ओट्यावर बसले. तिथे एक आजीबाई उडी मारणाऱ्यांच्या चपला आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतले मोबाईल सांभाळत बसल्या होत्या. माझा अवतार बघून त्यांनी आत हाक मारून चहा मागवला आणि स्वतःचा पंचा माझ्या हातात दिला.

"पूस पोरी डोकं. लय भिजवलं गं या मेल्यानं! माझं नाव कमळाबाई. रडू नको, हा रंग फुलांचा हाय."

रडत नव्हते मी. पण रडायला फार वेळ लागला नसता. आमच्या कंपनीचं ठाण्याचं तक्रार केंद्र बंद होत होतं. शेतकऱ्याचा पंप बिघडला की फोन मी घ्यायचा आणि नाशिकला देवरामकाकांना कळवायचं, मग काका मेकॅनिक पाठवायचे. दोन वर्षं रोज हेच. आता कंपनी म्हणत होती, देवरामची जागा रिकामी होतेय, नाशिकला जा, मोठं पद घे. दुसरीकडे पवईच्या एका कंपनीने बोलावलं होतं. दोघांनाही उत्तर आज सहापर्यंत हवं होतं. आणि मी, मोहिनी, भाजी घेतानाही चार दुकानं फिरणारी, शहर न बघताच हो म्हणणार होते थोडीच?

तो पिवळा माणूस दोन हात अंतर ठेवून ओट्यावर टेकला. नाशिक की पवई हे सहापर्यंत ठरवायचंय आणि मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांची यादी केलीय, एवढं मी त्याला सांगितलं. "मी भिजवलंय, तर निदान मदत करतो. वाचा यादी. खरं खरं सांगेन."

"भाडं अर्धं. दोन खोल्या आणि गॅलरी मिळेल. ऑफिसला चालत जाता येईल."

"बरोबर. पण उन्हाळ्यात चालू नका. पुढे?"

"आता वाईट बाजू. एकदा लहान शहरात गेलं की माणूस तिथेच राहतं."

तो हसला. पिवळ्या चेहऱ्यात दात एकदम पांढरेशुभ्र दिसले... माझं लक्ष उगाच तिकडे गेलं.

"लहान? मी गावाहून आलो तेव्हा सीबीएस स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायला मला पाव तास लागला होता. शेवटी एका म्हशीच्या मागे मागे गेलो."

"कुठलं गाव?"

"सुरगाण्याकडचंच."

"अय्या! मग काकांना ओळखत असाल!"

"चांगलाच." तो चहाच्या कपात बघायला लागला. "कसा वाटतो तुम्हाला? म्हणजे... कसे वाटतात?"

"देवमाणूस आहेत. माझं ठरलेलं लग्न मोडलं ना, तेव्हा घरात सगळे माझीच चूक काढत होते. काकांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, 'आज तीनच तक्रारी आल्यात, तुम्ही निवांत रडा, मी लाईनवर आहे.'" मी पिशवीतून मरून रंगाची लोकरी कानटोपी काढली. "ही त्यांच्यासाठी. सुरगाण्याला थंडी फार, म्हातारपणी कान सांभाळायला हवेत."

तो टोपीकडे असा काही बघत राहिला की मला वाटलं, याला मी भलतंच काही दाखवलं. मग हळूच म्हणाला, "पुढचा मुद्दा?"

"शेवटचा. नाशिकमध्ये माझ्या ओळखीचं कुणीही नाही. एक काका होते, तेही चालले... थांबा, काका नाशिकमध्येच असतील, फोन तरी करते."

"आत्ता नको—" तो उठलाच.

पण मी नंबर लावला होता. आणि कमळाबाईंच्या मांडीवरच्या पिशव्यांपैकी एक पिशवी वाजायला लागली.

"अरं देवराम!" कमळाबाई ओरडल्या. "तुझा फोन वाजतोय की! कोन हाय बघ, लिवलंय... मो-हि-नी, जेव-लात-का."

चौकात ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती. मला मात्र काहीच ऐकू येईना. कमळाबाईंनी पिशवी माझ्याच नाकासमोर धरली होती. स्क्रीनवर खरंच तसंच लिहिलं होतं — 'मोहिनी (जेवलात का)'. मी फोन कापला. पिशवी गप्प झाली.

"तुम्ही... काका?"

"एकतीस पूर्ण झाली," तो मान खाली घालून म्हणाला. "आजोबांचं नाव ठेवलंय."

दोन वर्षं! गुडघ्यांना कुठलं तेल लावायचं, ते मी या माणसाला सांगितलं होतं. सुनेशी जमवून घ्या म्हणाले होते! लग्न मोडल्यावर हुंदके देऊन रडले होते. माझे कान इतके तापले की कानटोपी मलाच घालून तोंड लपवावंसं वाटलं.

"एकदा तरी सांगायचं होतं!"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही आधी विचारलंत, 'काका, जेवलात का?' मला तेव्हा नाशिकमध्ये आठ महिने झाले होते. खोली, ऑफिस, खाणावळ. तोवर कुणीच विचारलं नव्हतं हो." त्याचा बसलेला आवाज आणखी खाली गेला. "वाटलं, मी तरुण आहे कळलं तर विचारायच्या थांबाल. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू..."

राग कुठे गेला ते कळेना. त्या जागी दुसरंच काहीतरी धडधडत होतं आणि ते चांगलं ओळखीचं होतं. रोज सकाळी दहाला, नाशिकचा नंबर लावताना व्हायचं तेच. काकांसाठी कसली धडधड, म्हणून मी ते कधी मोजलंच नव्हतं.

आणि मग दुसरा धक्का बसला.

"एकतीस! मग रिटायर कसले होताय?"

"तो शब्द तुमचा. मी 'नोकरी संपवून गावी जातोय' म्हणालो होतो. एक तारखेपासून सुरगाण्यात पंप दुरुस्तीचं दुकान टाकतोय. आमच्या डोंगरातल्या तक्रारी तुम्हीच घेता, माहीत आहे ना? मेकॅनिक पोचेपर्यंत तिथे आठवडा जातो, तोवर रोप वाळून जातं."

माहीत होतं. त्या बायकांचे फोन मीच घेतले होते. त्याचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. माणूस सापडला त्याच क्षणी निघालासुद्धा, आणि मला देऊ केलेली खुर्ची त्याचीच होती!

पावणेसहा वाजले होते.

"मोहिनी मॅडम, एक ऐका," तो म्हणाला. "माझं नाव कुठल्याच यादीत लिहू नका. माझ्यासाठी आलात आणि मी असेन डोंगरात, जीपच्या टपावर सामान बांधत... मग तुम्ही नाशिकला शिव्या द्याल. पवई चांगली असेल तर पवईला जा."

किती साधेपणाने म्हणाला, पण रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मी मोबाईलकडे बघितलं. 'ओळखीचं कुणीही नाही.' ठाण्याच्या आमच्या इमारतीत सहा वर्षं राहून समोरच्या दारावरचं आडनाव मला माहीत नव्हतं. इथे दीड तासात माझ्या डोक्यावर कमळाबाईंचा पंचा होता, पोटात त्यांचा चहा होता. आणि पवईच्या नावाने आजवर एकदाही धडधडलं नव्हतं. मी तो मुद्दा खोडला. मग दोन्हीकडे निरोप पाठवले, पवईला नाही आणि कंपनीला हो.

"काय पाठवलंत?" त्याला राहवलं नाही.

"नाशिक. तुमच्यासाठी नाही हं! मला गॅलरी हवी होती."

"हो... हो, बरोबर." त्याचा चेहरा पडला. एवढ्या रंगातूनही दिसला.

"सुरगाणा किती लांब आहे इथून?"

"नव्वद किलोमीटर."

"आणि ठाण्याहून?"

तो हिशोब करायला लागला आणि मध्येच थांबला. माझ्याकडे वळला, तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. आज दिवसभर मीच धक्के खात होते. आता त्याची पाळी होती.

मी उठले, कानटोपी त्याच्या ओल्या पिवळ्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट ओढली आणि दोन पावलं मागे जाऊन नंबर लावला. पिशवी पुन्हा वाजली.

"अरं उचल की!" कमळाबाई खेकसल्या.

त्याने पिशवीसकट फोन कानटोपीला लावला. "हॅलो..."

"देवराम," मी म्हणाले. काका जोडायची सवय जिभेवर आली होती, ती गिळली. "जेवलास का?"

पलीकडे, म्हणजे दोन पावलांवर, त्याने दुसऱ्या हाताने कानटोपी आणखी खाली ओढली.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलो होतो."

"खोटारडा! दुपारी माझ्याकडंच चार पोळ्या हाणल्या यानं," कमळाबाई म्हणाल्या.

पण फोन आम्हा दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.