तोताराम आबांच्या नावाची घागर

१९९१ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कॉलेजला सुट्टी होती म्हणून धुळ्याच्या देवपूरहून सकाळची एस.टी. धरली आणि शिरपूरच्या पुढे, तापीकाठच्या एका खेड्यात उतरलो. काम साधं होतं. एक कॅसेट पोचवायची.

कॅसेट तोताराम आबांची. स्वतः गाणी रचायचे, स्वतःच म्हणायचे, आणि चार गावांपलीकडे त्यांना कुणी विचारलं नाही. कुठल्याशा लग्नात टेप केलेली त्यांची गाणी मला आणि माझ्या मित्राला, लीलाधरला, धुळ्यातल्या एका दुकानात सापडली, आणि आम्ही दोघं वेडेच झालो. शेवटचं गाणं मात्र तिसऱ्या कडव्यानंतर तुटतं. तिथं टेप संपली होती. पुढचं कडवं कुणालाच येत नव्हतं. आम्ही पन्नास कॅसेटी काढल्या आणि कव्हरवर 'कै. तोताराम' छापलं. ते 'कै.' माझं. लीलाधर म्हणाला होता, घरी विचारून घे. पण चौदा वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला माणूस आता कुठला असायला, असं मीच ठरवून टाकलं. शहाणा ना मी!

आबांचं घर केळीच्या बागेला लागून होतं. भर दुपारी बागेत काळोख, ओल्या मातीचा आणि सडक्या पानांचा वास. आबांच्या बायको नर्मदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. ते पाहिलं आणि मी कॅसेटचं कव्हर तळहाताखाली झाकलं.

कॅसेट त्यांच्या भावजयीनं, पुष्पाबाईंनी, हातात घेतली आणि वाचली.

"काय लिखेल शे?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"कैलासवासी…"

नर्मदाबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमीन देखं का त्यासले मरेल?"

"नाही… लोक म्हणत होते…"

"लोके काय बी म्हनतस. चौदा वरीस मी त्यासनी घागर भरी नही. घागर भरी का मानूसनी घरनी वाट बंद व्हयनी." त्या उठल्या. "आते तुमीन छापी टाकं. भरा मंग तुमीनच. नाव बी तुमीनच ल्या." आणि कुंकू पुसायला मागच्या खोलीत गेल्या.

आखाजीला आमच्याकडे वारलेल्या माणसाची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, आंबा, सांजोरी. मग निखाऱ्यावर घास टाकून त्याचं नाव घ्यायचं. पुष्पाबाईंनी सगळं मांडलं. मी खाली मान घालून पाणी ओतत होतो. मला स्वतःची लाज वाटत होती.

तेवढ्यात बागेतून कुणीतरी गाताना ऐकू आलं. आमच्याच कॅसेटमधलं शेवटचं गाणं. वाटलं, असेल कुणी पाणी भरणारा गडी. आवाज हळूहळू जवळ येत होता. तिसरं कडवं संपलं… आणि तो पुढे गात राहिला. चौथं कडवं! मला इतका आनंद झाला की आवरेना. मनाशी म्हटलं, हा विधी एकदाचा उरकू आणि त्या माणसाला गाठू. घाईघाईनं घास निखाऱ्यावर टाकला आणि मोठ्यानं नाव घेतलं, "तोताराम आबा…"

गाणं अर्ध्या शब्दावर थांबलं.

नर्मदाबाई धावतच बाहेर आल्या. अर्धं कुंकू कपाळावर फिसकटलेलं. "कोन गाये?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता बागेत शिरल्या. मी मागोमाग.

पाटाच्या चिखलात अनवाणी पावलं उमटली होती. ताजी. घराकडेच येणारी. घरापासून वीसेक पावलांवर दोन्ही पाय शेजारी शेजारी, कुणी उभं राहावं तसे. त्यापुढे काही नाही. माघारी वळल्याचंही नाही. दोन्हीकडे सपाट ओला चिखल…

नर्मदाबाई खाली बसल्या. डाव्या ठशाच्या कडेनं त्यांनी बोट फिरवलं. "डावा पाय फाकीसनच टाकतस मना धनी…" मग माझ्याकडे न बघता हलकेच म्हणाल्या, "हाक मारा भाऊ. जित्ता मानूसले मारतस तशी. तुमनामुये थांबनात."

मी तोंड उघडलं. आणि आम्ही बघत असतानाच त्या दोन ठशांच्या टाचा चिखलात अजून थोड्या खोल रुतल्या.