मागच्या सीटवरचं जांभळं लुगडं

लाइट गेली ना? बसा मग. आमचा तांदळाचा काटाही लाइटवरच चालतो, आता मला उद्योग नाही. ती बॅटरी जरा तिकडं धरा, डोळ्यात येतेय. कोर्टाची गोष्ट ऐकायची होती ना तुम्हाला? ऐका.

आठवड्यातून दोनदा मी कामशेतहून स्कूटरवर आंदर मावळात जातो, भात बघायला. तिकडं एसटीचा भरवसा नाही, माणसं तास तास चालतात. म्हणून आपल्याकडं रीतच आहे, मागची सीट रिकामी आणायची नाही. उंबराच्या फाट्यावर भागुबाई ठरलेली. सत्तरीची म्हातारी, बाजाराला निघालेली, काखेत गाठोडं, तोंडाला मिश्रीचा वास. मी गाडी हळू करायचो आणि मागं न बघताच म्हणायचो, "बसा मावशी." ती बसायची आणि दरवेळी तेच, "सरक की रं जरा फुडं, दस्तगीरा." आठ वर्षं हेच.

दिवाळीच्या आधी भागुबाई गेली. पण जिभेला कोण सांगणार? फाटा आला की गाडी हळू व्हायची आणि तोंडातून निघायचंच, "बसा मावशी." मग माझं मलाच हसू यायचं.

फेब्रुवारीत हुस्नबानोच्या फोनवर चलन आलं. हुस्नबानो म्हणजे आमच्या घरच्या, गाडी त्यांच्या नावावर. मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातले नाही, म्हणे. सोबत फोटो. जुना हायवे, हेल्मेट घातलेला मी, आणि माझ्या खांद्यामागून उडणारा जांभळा पदर. एवढ्याशा फोटोत तोंड काही दिसत नव्हतं.

"कोण आहे ही?"

"कोणी नाही गं! अल्लाशप्पथ, एकटा होतो."

"मला लोणावळ्याला न्या म्हटलं की दुकान आठवतं तुम्हाला. या जांभळीला बरी फिरवता!"

मी तडकलो. आधीच तापट माणूस मी, त्यात खरं बोलत होतो. नको ते बोलून गेलो. ती म्हणाली, "असं? मग कोर्टातून लिहून आणा, मागं बाई नव्हती म्हणून. तोवर मी इंदुरीला, अम्मीकडं." आणि गेली की हो! दंड भरून मोकळा झालो असतो, पण दंड भरला म्हणजे बाई होती हे कबूलच केलं. बायको परत येणार की नाही, ते आता कोर्टाच्या हाती.

वडगावच्या कोर्टात उभा राहिलो आणि जज मॅडमना तावातावानं सांगितलं, "मॅडम, मागं कोणीसुद्धा नव्हतं." मॅडमनी शांतपणे फोटो कॉम्प्युटरवर मोठा करायला लावला. पदर मोठा झाला. माझ्या खांद्यावर हात दिसला, सुकलेला, मनगटावर गोंदण. मांडीवर गाठोडं. मग चेहरा...

भरदुपार होती, कोर्ट माणसांनी गच्च. तरी माझ्या मानेला गार लागलं आणि मिश्रीचा वास आला. तेव्हा आठवलं. फोटोतल्या त्या दिवशी फाट्यापासून गाडी मागनं दबली होती. हवा कमी असेल म्हणून पंक्चरवाल्याकडं थांबलो, तर तो म्हणाला, हवा टाइट आहे, शेठ.

"ओळखता यांना?" मॅडमनी विचारलं.

"हो... भागुबाई."

"म्हणजे मागं बाई होती."

"होती... म्हणजे नाही, मॅडम. ती... दिवाळीच्या आधीच वारली."

सगळं कोर्ट हसलं. मॅडम हसल्या नाहीत. फोटोवरची तारीख निरखून म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला आणा."

पुढच्या तारखेला भागुबाईचा लेक सोपान दाखला घेऊन आला. फोटो बघून घाबरेल असं मला वाटलं होतं. गडी हसला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "आय बरी दिसतीया. गुडघं लय दुखायचं तिचं. चालावं न्हाई लागत, बरं झालं." मग पुढं वाकून त्यानं पदर निरखला. "दस्तगीरभाऊ... ह्ये लुगडं आमी तिला सरणावर नेसवलं व्हतं."

आता कोणी हसेना. मॅडमनी दाखला दोनदा वाचला आणि निकाल लिहून घ्यायला सांगितला. मागील व्यक्ती चलनाच्या तारखेपूर्वीच मयत, सबब चलन रद्द. सरकारी वकील हळूच म्हणाले, "पण मॅडम, हा फोटो...?"

"मयताला हेल्मेट लागतं असा कायदा दाखवा, मग बोलू."

तो कागद आणि एक नवं कोरं हेल्मेट घेऊन मी थेट इंदुरी गाठली. हुस्नबानोनं कागद वाचला आणि हसता हसता खालीच बसली. "या खुदा! सत्तरीच्या म्हातारीवर जळले मी!" मग तिचे डोळे भरले. म्हणाली, घरी जायच्या आधी तो फाटा दाखवा. एवढी वाट वाकडी करून नेलं तिला. नाही म्हणायची माझी काय टाप!

फाटा आला. मी दात आवळून धरले, ब्र काढला नाही. मनात कलमा चालू. तर मागनं आमच्या हुस्नबानोचा मायेचा आवाज, "बसा मावशी."

गाडी दबली.

थोडं पुढं गेल्यावर ती अगदी हळू म्हणाली, "अहो... जरा पुढं सरका ना."

"का गं?"

"मागनं मला... सरक म्हणतायत."

भागुबाई सरक म्हणायची, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. हुस्नबानोचे दोन्ही हात माझ्या कमरेला घट्ट होते, आणि खांद्यावर तिसरा. सरकलो पुढं, करतो काय! पण जुन्या हायवेला मात्र गाडी घातली नाही, आतल्या रस्त्यानं आलो. ट्रिपल सीटचं चलन आलं असतं, तर मॅडमना काय तोंड दाखवलं असतं?