खिडकीकडचं टोक

पटो न पटो, हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष, मे महिना, भर दुपार.

हो, दुपारच. भुतं रात्रपाळीलाच येतात हा आपला गैरसमज.

मावशीचं नाव सिद्धम्मा. मूळची देवणीची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. डॉक्टर लेझरने मुतखडा फोडतात ना, तो उजेड पोटात नेणारी काचेची तार तिथे बनायची. शेवईसारखी बारीक.

तारेचं टोक घासून गुळगुळीत झालं की तपासणी. एक टोक खिडकीत उन्हाकडे, दुसरं भिंगाखाली. भिंगातून उजेडाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला पाहिजे.

खिडकीकडे प्रेमला बसायची, भिंगाकडे मावशी. प्रेमला भारी खोडकर. मध्येच टोकावर अंगठा ठेवायची, की इकडे ठिपका गुडूप. दोनदा ठेवला, की समजायचं... चहा.

वर्षानुवर्षं दोघींचं हे चाललं होतं. मावशीला जिवाभावाचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

त्या एप्रिलात टँकरच्या रांगेत प्रेमलाला ऊन लागलं. संध्याकाळपर्यंत ती गेली.

पुढे घासकामाला पाणी मिळेना. मालक बसलिंगप्पांनी कारखाना पुण्याला हलवायचं ठरवलं. "सिद्धम्माक्का, तुम्ही बी चला. राहायला खोली देतो."

"हाव, येते," मावशी म्हणाली. पण घास घशाखाली उतरेना. परक्या गावात एकटी कशी राहू, एवढंच डोक्यात.

शेवटच्या दिवशी सामान ट्रकमध्ये भरून माणसं जेवायला गेली. एक तार तपासायची राहिली होती. मावशीने तिचं टोक खिडकीच्या काचेला चिकटवलं, जागेवर आली आणि भिंगाला डोळा लावला.

ठिपका स्वच्छ...

आणि गुडूप.

ढग आला म्हणावं, तर त्या वर्षी आकाशात ढग औषधालाही नव्हता.

पुन्हा उजेड... पुन्हा गुडूप.

दोनदा.

मावशीने मान वर केली. खिडकीशी कुणी नव्हतं. चिकटपट्टी जागच्या जागी. पंखा बंद, मशिनं गेलेली. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता... आणि खिडकीकडून आणखी एक.

अंगावर सर्रकन काटा आला. पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठं? पुण्याला, एकटीनं?

तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला. ठिपका परत आला होता.

"प्रेमला," ती हळूच म्हणाली, "येतीस का गं माझ्यासंगं?"

ठिपका बराच वेळ तसाच राहिला. मावशीला रडू फुटलं.

मग... उजेड गेला.

माणसं जेवून आली तरी तो परतला नाही.

हे मला मावशीनेच सांगितलं. ऊन, दुःख, उपाशी पोट, मी सगळं धरून पाहिलं आणि भास म्हणून सोडून दिलं. आता लातूरला पाऊसपाणी बरं आहे, म्हणून मागच्या दिवाळीत तिला आणायला पुण्याला गेलो. म्हटलं, एकटी किती दिवस राहणार, चल घरी.

मावशी खुशीत होती. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांब, हिला विचारते," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

आत ती काहीतरी बोलली... थांबली... पुन्हा बोलली.

मग बाहेर आली.

"न्हाई म्हणती. हिला इथंच लई करमतंय."

मी पुन्हा आग्रह केला नाही. रात्री मुक्काम करणार होतो, तोही केला नाही.