बंद विमानतळातला दीड किलो

“हलला! आकडा हलला! देवाशप्पथ हलला!”

हरिओमनं विमानतळाच्या काचेच्या दाराला नाक असं काही चिकटवलं होतं, की आतून त्याची पार भजी झालेली दिसली असती. पण आतून बघणार कोण? काल दुपारीच हंगामातलं शेवटचं विमान उडालं होतं आणि दाराला हे भलंमोठं कुलूप लागलं होतं.

निलंग्याजवळच्या माळावरचा हा चिमुकला विमानतळ होताच मुळी सुट्टीपुरता. उन्हाळा लागला, की इथून समुद्रकाठच्या एका गावाला विमान जायचं. नांदेड-लातूरकडची माणसं डोक्यावर मोठ्या टोप्या घालून आणि पोरांच्या हातात वाळूत खेळायच्या बादल्या देऊन त्यात बसायची. पावसाळा जवळ आला, की तिकडची हॉटेलं बंद व्हायची आणि इकडचं विमानही! लातूरची तनुजा सुट्टीला मामाच्या गावी आली होती. मामेभाऊ हरिओम आणि त्याची शेजारीण मुबश्शिरा यांच्याबरोबर रोज कुंपणाशी उभं राहून विमानाला हात करायचा तिला नादच लागला होता.

मुबश्शिराचे अब्बा, जिलानीचाचा, विमानतळाच्या दारात चहाची टपरी चालवायचे. आज ते टपरी उतरवत होते आणि तिघं मदतीला आली होती. मदत राहिली बाजूलाच!

“कसला आकडा रे?” तनुजानं विचारलं.

“सामान तोलायचा काटा! ते बघ!”

तिन्ही नाकं काचेला चिकटली. काटा काउंटरच्या आड होता, पण त्याचे लाल आकडे वर दिसत होते. शून्य. मग एकदम एक. पुन्हा शून्य. आणि मग दीड!

“भूत हाय!” हरिओम टुणकन मागे सरला.

“भुताला वजन असतंय व्हय रे?” मुबश्शिरा हसली.

“असंल की! लई जाडं असंल!”

“दीड किलोचं? आमचा कोंबडा त्याच्याहून जड हाय!”

तनुजाला मात्र हसू आलं नाही. “आत काहीतरी जिवंत आहे गं. लहानसं. काट्यावर चढतंय आणि उतरतंय.”

तेवढ्यात इमारतीच्या बाजूनं केविलवाणं कुईंकुईं ऐकू आलं. तिघं धावली. उतरलेल्या प्रवाशांचं सामान ज्या खिडकीतून बाहेरच्या पडवीत यायचं, त्या खिडकीचं शटर काल खाली ओढलेलं होतं. त्याच्याखाली भुरी फरशी खरवडत होती. भुरी म्हणजे टपरीवरची लाडकी कुत्री. तिची नखं रक्ताळली होती. आचळं दुधानं तटतटली होती.

“अब्बा!” मुबश्शिरा ओरडली. “भुरीची पिल्लं कुठं हायत?”

“कुणाला ठावं बेटा? व्याली तवापासून लपवूनच ठेवली तिनं,” जिलानीचाचा बांबू खांद्यावर घेऊन आले. “कुणाला जवळ फिरकू देत न्हाई. सामानाच्या खिडकीतून आत-बाहेर करायची, एवढं बघितलं...”

ते बोलता बोलता थांबले. बांबू खाली आला. “या अल्ला! आत कोंडली की लेकरं!”

वर मे महिन्याचं ऊन आणि त्यात पत्र्याचं छप्पर! काल दुपारपासून पिल्लांना ना दूध ना पाणी.

किल्ल्या अमृतरावांकडे होत्या. विमानतळाची देखभाल त्यांच्याकडे. चाचांनी फोन लावला. अमृतराव जळकोटला लग्नात होते. मागे बँडबाजा दणाणत होता.

“पिल्लं? कसली पिल्लं?” ते खेकसले. “मी सोता फिरून सगळं तपासलंय! लाइटं बंद केली, मगच कुलूप लावलं. परवा येतो, तवा बघू.”

परवा! हरिओमचे डोळे भरून आले. तनुजानं चाचांकडे फोन मागितला.

“नमस्कार काका, मी तनुजा. तुम्ही सगळं बंद केलं होतं ना?”

“सगळं म्हंजे सगळं!”

“मग आत्ता वजनाचा काटा कुणी सुरू केला? आकडे हलतायत. आम्ही तिघांनी डोळ्यांनी बघितलंय.”

बँडचा आवाज एकदम लांब गेला. अमृतराव मांडवाबाहेर आले असावेत.

“काका, बंद विमानतळात कोण फिरतंय, ते पोलीसपाटलांना विचारू का?”

“ए बाई! थांब! कुणाला इचारू नको! निघालोच मी!”

“अरे व्वा!” मुबश्शिरानं तिच्या पाठीत धपाटा घातला. “खोटं एक अक्षर न्हाई, अन् काका निघाले पण!”

पण जळकोट काही हाकेच्या अंतरावर नव्हतं. शटरखाली हात जाईल एवढी फट होती. तनुजा पालथी झोपली आणि ओढणीचं टोक पाण्यात भिजवून तिनं आत सरकवलं. फरशी तव्यासारखी तापली होती. भुरी गुरगुरली, मग तिच्या खांद्याला नाक लावून फटीतून पिल्लांना हाका मारू लागली. आत खुडबुड झाली. आणि तनुजाच्या बोटांना काहीतरी खरखरीत, ओलं लागलं.

“जीभ आहे! चाटतंय! अगं, दोन आहेत!”

हरिओम पाणी आणून देत राहिला. तनुजा ओढणी भिजवत राहिली. मुबश्शिरा काचेपाशी पळाली आणि परतली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“तनू, काट्यावर तिसरं हाय, आकडा दीडच दाखवतोय. पण आता आकडा हलंना झालाय.”

“काच वाजव!”

“वाजवली. हाकाही मारल्या.”

तनुजानं हात तसाच आत ठेवला. दोन जिभा बोटं चाटत होत्या. तिसरं पिल्लू मात्र काट्यावरून उठत नव्हतं.

अखेर धुरळा उडवत जीप आली. अमृतराव उतरले ते गुलाबी फेट्यासकट! “कोण हाय आत? कुठाय चोर?” म्हणेपर्यंत भुरी त्यांच्या पायातून उघड्या दारात शिरलीसुद्धा. मागोमाग तनुजा. आत भट्टीसारखी हवा होती. ती काउंटरला वळसा घालून धावली.

काट्याच्या स्टीलच्या पाटावर एक करडं पिल्लू कुशीवर पडलं होतं. डोळे मिटलेले.

“काका, पाणी!”

अमृतराव पुतळ्यासारखे उभे होते. एकदा लाल आकड्यांकडे, एकदा पिल्लाकडे बघत होते. मग त्यांनी झटक्यात डोक्यावरचा फेटा उतरवला, चाचांनी आणलेल्या पाण्याच्या घागरीत बुडवला आणि पिल्लाभोवती गुंडाळला. तनुजानं बोटानं पाण्याचे थेंब त्याच्या तोंडात सोडले. एक. आणखी एक. थेंब ओठांवरून ओघळून गेले.

“ऊठ रे,” हरिओम पुटपुटला. “ऊठ की रे राजा.”

भुरी जवळ आली. तिनं पिल्लाचं तोंड चाटलं, कान चाटले, पुन्हा तोंड चाटलं. आणि फेट्यातून एक नकटं नाक वर आलं! पिल्लू शिंकलं!

“जित्तं हाय!” हरिओमनं अशी आरोळी ठोकली, की छपरावरची कबुतरं उडाली.

पडवीच्या सावलीत भुरी आडवी झाली आणि तिन्ही पिल्लं तिला लुचू लागली. चाचांनी टपरीतलं उरलेलं दूध भुरीपुढे ठेवलं. अमृतराव बोडक्या डोक्यानं पायरीवर बसले.

“पोरांनो, म्या काही तपासलं न्हवतं,” ते हळूच म्हणाले. “लग्नाची घाई होती. भायेरूनच कुलूप ठोकलं, काटाबी चालूच ऱ्हायला. तुम्ही नसता तर परवा मी काय बघितलं असतं, त्याचा विचारबी करवत न्हाई.”

“शाब्बास रे लेकरांनो!” चाचांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. “मोठी माणसं चुकली, पण तुमचं ध्यान होतं.”

“ही पडवी आता भुरीची,” अमृतराव उठत म्हणाले. “पाऊस सरेपर्यंत कुणी उठवायचं न्हाई तिला. अन् रोज दूध मी धाडीन.”

भुरी दूध पिऊन उठली. करडं पिल्लू तिनं मानेला धरून अलगद उचललं, शेजारी बसलेल्या तनुजाच्या मांडीवर आणून ठेवलं आणि तिथंच तिच्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटले.

“आजवर कुणाला जवळ फिरकू दिलं न्हवतं तिनं,” जिलानीचाचा कुजबुजले. “हलू नको बेटा. झोपू दे तिला.”

तनुजाच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. पण ती हलली नाही.