उत्तरावहिनीचं चार्जिंग

पांडुरंगाला साक्षी ठेवून लिहिते, यातलं अक्षरही खोटं नाही.

गेल्या मार्गशीर्षातली एकादशी. दिवेलागणीची वेळ. नागपुरात हुडकेश्वरला माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये हे घडलं.

मार्तंडदादा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. सुरुवात कोराडीच्या वीज केंद्रात केली, पण जन्म घालवला वायरलेस चार्जिंगमध्ये. तारेशिवाय वीज पोचवायची, तीही माणसाच्या शरीरात.

उत्तरावहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, कंबर फार दुखायची. डॉक्टरांनी कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं. दुखलं की ते नसेला हलका करंट द्यायचं. जितकं दुखणं, तितकी बॅटरी खर्च. ती भरायचा पट्टा दादानेच तयार केलेला. रोज संध्याकाळी मोबाईलवर कीर्तन लावायचं, वहिनीने वेताच्या खुर्चीत बसायचं, आणि कीर्तन संपेतो चार्जिंग.

वहिनी गेली.

असं यंत्र आगीत फुटतं, म्हणून चितेआधी काढावं लागलं. दादाने स्वतःच्या हाताने त्याचे सुटे भाग केले.

म्हणजे यंत्र उरलंच नव्हतं.

एकादशीच्या त्या संध्याकाळी मी साबुदाण्याची उसळ घेऊन गेले. कीर्तन चालू होतं. बुवा रंगात आले होते. दादा जमिनीवर बसलेला.

आणि रिकाम्या खुर्चीवर... पट्टा.

"हे काय करून राहिला, दादा?"

"बस वं. कीर्तन ऐक."

पट्टा यंत्र शोधत होता. टूं... टूं... टूं...

मग एक लांब आवाज आला. यंत्र सापडलं की येतो, तो.

पट्ट्याच्या स्क्रीनवर आकडा उमटला. बारा टक्के... तेरा... चौदा...

"बिघडला वाटते हा," मी म्हटलं.

"माझं डिझाइन आहे. बिघडला असता तर तुझ्या विठोबाला पेढे चढवले असते." तो हसला. मग हसू गेलं. "काल फुल करून ठेवलं होतं. आज बारावर आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिची कंबर अजून दुखून राहिली, शामू."



"असं नको बोलू. बुवा सांगतात ना, देह पडला की देहाचं दुखणंही सुटते."

"मग हे कोण घेऊन राहिलं?"



तेवढ्यात... खुर्चीचा वेत करकरला. कुणी सुस्कारा टाकून मागे टेकावं, तसा.

माघात दादा पडला, पाय मोडला. मुलगा सुमंत त्याला बंगळूरला घेऊन गेला. निघताना दादाने किल्ली माझ्या मुठीत दाबली.

"एक दिवस चुकवू नको वं."

मी चुकवला. रामनवमीला देवळात कीर्तन रंगलं आणि जायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. घरात चिटपाखरू नाही.

पण खुर्चीतून... अगदी हळू...

"आई गं..."

वहिनीचाच आवाज.

पट्टा ठेवला. शून्य.

मी पळाले नाही. भरेपर्यंत तिच्या पायाशी बसून अभंग म्हणत राहिले.

वैशाखात सुमंतने फ्लॅट भाड्याने दिला. "आत्या, रिकामा ठेवून काय करू?" त्याला काय सांगू? खुर्ची आणि पट्टा माझ्या घरी आणला.

इथे पट्ट्याला काहीच सापडत नाही. तो शोधतच राहतो. टूं... टूं... टूं...

ती तिकडेच आहे. परक्या बिऱ्हाडात... तशीच.

रोज दिवेलागणीला बंगळूरहून दादाचा फोन येतो.

"शामू, फुल झालं का वं?"

"झालं, दादा."

आणि तो आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी पट्टा उशीखाली दाबून धरते...