क्सेरीच्या आडोशाला

मेलाग्रा बेटाच्या उतारावर थिमारी या रानझुडपाची जांभळी फुलं फुलतात ती जेमतेम तीन-चार आठवडे. ती सुकायच्या आत सेवास्ती वहिनीच्या मधमाश्या तिथे पोचवायच्या, एवढाच आमच्या मोहिमेचा हेतू. कोणी म्हणेल, यात कसली आलीय मोहीम? बोटीत ट्रक चढवायचा, मेलाग्राला उतरवायचा, झालं! असं म्हणणाऱ्याने जुलैच्या ऐन उन्हाळ्यात आमच्या समुद्रावर एकदा येऊन दाखवावं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, इसिदोरोसची बायको. भाऊ गेला, मागे मधमाश्यांच्या पेट्या राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेटावर वणवा लागला आणि त्यातल्याही बहुतेक जळाल्या. उरल्या त्या माझ्या एका ट्रकमध्ये मावल्या. लग्न झालं त्या वर्षापासून ही दोघं दर उन्हाळ्यात मेलाग्राच्या एकाच उतारावर पेट्या मांडत आली होती. तिथला मध म्हणजे मध, बाकी वर्षभराचा नुसता गोड. उरलेल्या पेट्याही गेल्या असत्या तर पन्नाशीच्या बाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची कशी, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात मेल्तेमी सुटतो. आभाळ निळंशार, ऊन कडकडीत, ढगाचा ठिपका नाही, आणि उत्तरेकडून असा वारा की धक्क्यावरची खुर्ची पाण्यात जाते! बंदरातल्या अधिकाऱ्यांनी बोटींवर बंदी घातली. दोन दिवस आम्ही वाऱ्याला शिव्या घालत बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा जरा दमला, बंदी उठली आणि धक्क्यावर एकच झुंबड उडाली. वहिनीने दिवेलागणीला, माश्या घरी परतल्यावर, पेट्यांची तोंडं बंद केली होती. रात्रीचा प्रवास, पहाटे मेलाग्रा, गारव्यात पेट्या उघडायच्या, असा तिचा बेत होता.

बोटीची रीत अशी की ज्याचं बेट शेवटी, त्याची गाडी सगळ्यात आत. मेलाग्रा शेवटचं बेट. तरी बोटीचा सारंग चांगला माणूस, जिवंत माल आहे म्हणून मागच्या दरवाज्याजवळ हवेशीर जागा देत होता. वहिनीनेच नको म्हटलं. दरवाज्याजवळ खारं पाणी उडतं, आणि खारं पाणी पेटीत गेलं की माश्या गेल्याच समजा. तिने सारंगाच्या हातात मधाची बरणी ठेवली आणि ट्रक पार आतल्या कोपऱ्यात लावून घेतला. आमच्या बेटावरचे सगळे मधमाशीवाले हेच करतात, आणि मीही तिच्या हुशारीवर खूष झालो. मागून मोटारी, टेम्पो, सिमेंटचा एक ट्रक असे खच्चून भरले की मधून मांजर जाईना.

बोटीवर मेलाग्राचा कोस्मास भेटला. त्याच्याही पेट्या आहेत, शेळ्या आहेत, आणि जीभ म्हणाल तर विंचवाची नांगी. बाहेरच्यांच्या माश्या मेलाग्राची फुलं लुटतात, हे तो दर वर्षी धक्क्यावर उभा राहून सुनावायचा. या खेपेला त्याला सगळी रात्र मिळाली. वणव्यातही या बाईची हाव जळली नाही, असं तो शेजारच्याला आम्हाला ऐकू जाईल इतक्या बेताने सांगत होता. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मी दोनदा उठलो, दोनदा तिने माझी बाही धरून मला खाली बसवलं.

पहाटेपूर्वीच मेल्तेमी परत उठला.

पहिल्या बेटाच्या बंदराच्या तोंडाशी बोट गेली. लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या! दोरी फेकली, ती वाऱ्याने परत आमच्याच तोंडावर. दुसऱ्यांदा फेकली, बोट आडवी झाली, आतून काचा फुटल्याचा आवाज आला, बायाबापड्या संतांची नावं घेऊ लागल्या. कप्तानाने नाद सोडला. दुसऱ्या बेटावरही तेच. शेवटी त्याने बोट क्सेरीच्या दक्षिणेला, वाऱ्याच्या आडोशाला नेली आणि नांगर टाकला. क्सेरीवर माणूस राहत नाही. दगड, काटेरी झुडपं, थोडीशी थिमारी, आणि कोस्मासच्या शेळ्या. आडोशाला त्याचा मचवा आधीच उभा होता. शेळ्यांची देखरेख करणारा त्याचा मेहुणा फ्रांगोस वाऱ्यामुळे तिथेच अडकला होता.

समुद्र तिथे शांत होता. पण ऊन वर आलं, आणि बोटीचं लोखंड तापायला लागलं.

गाड्यांच्या मजल्यावर उतरायचा दरवाजा प्रवासात बंद ठेवतात. वहिनीने त्याला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. सारंगाला तिने काय सांगितलं मला कळलं नाही, पण त्याने दरवाजा उघडला. आत भट्टी पेटली होती! मोटारींच्या टपांवरून सरपटत आम्ही ट्रकपाशी पोचलो. पेट्या गरजत होत्या. माश्या कोंडल्या की पंख मारून हवा खेळवायला बघतात, त्याने आतली उष्णता आणखी वाढते, मग मेण मऊ पडतं, पोळं कोसळतं आणि सगळ्या आपल्याच मधात बुडतात. ट्रकच्या फळ्यांमधून मधाचा पहिला थेंब माझ्या बुटावर पडला.

आम्ही पाणी मारलं. गोणपाट भिजवून पेट्यांवर टाकले. ते बघता बघता वाळले. ट्रक बाहेर काढायचा तर पुढे पन्नास गाड्या, आणि काढून न्यायचा कुठे? तेवढ्यात कळलं की रात्रीच्या हेलकाव्यांत एका पेटीचं झाकण तडकलंय. हवेच्या नळातून माश्या वर बसायच्या दालनात निघाल्या होत्या. वरून किंकाळ्या आल्या. माणसं जिन्यावर एकमेकांना तुडवत होती. एका दांडग्या माणसाने मला दंडाला धरून सांगितलं की या पेट्या तुम्ही समुद्रात टाकताय की आम्ही टाकू. त्याच्या मागे आणखी दहाजण होते, आणि त्यांच्या डोळ्यांत गंमत नव्हती.

कप्तान खाली आला. त्याला भांडण नको होतं, त्याला आपली बोट शांत हवी होती. मागचा दरवाजा खाली सोडतो, पेट्या पाण्यात ढकला, असं त्याने सरळ सांगितलं. नुकसानाचं नंतर बघू, म्हणाला.

वहिनी म्हणाली, "दरवाजा सोडा, कप्तान. पण पाण्यासाठी नाही. तो मचवा लावून घ्या."

"मचवा माझा आहे," जिन्यावरून कोस्मास म्हणाला. तो तमाशा बघायला आला होता. "आणि क्सेरीवरच्या टाकीतलं पाणीही माझंच. शेळ्यांसाठी."

त्याच्याशी बोलायची माझी तयारीच नव्हती. हातात पाना होता, तो मी घट्ट धरला. कोस्मास मात्र माझ्याकडे बघत नव्हता. मान तिरकी करून तो पेट्यांचा आवाज ऐकत होता. कितीही कडू असला तरी मधमाशीवालाच तो.

"डावीकडची ती खालची गप्प झालीय," तो म्हणाला.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "बोल, काय हवंय तुला?"

त्याने वेळ घालवला नाही. "मेलाग्रावर पेटी उतरवायची नाहीस. यंदा नाही आणि पुढेही कधी नाही. तुझ्या नवऱ्याची शपथ घे, मग मचवा घे, पाणी घे."

मी ओरडलो की असला सौदा आम्हाला नको, हा माणूस मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. तो उतार इसिदोरोसने दगड वेचून साफ केला होता, तिथल्या अंजिराखाली तो दुपारचा झोपायचा. मला वाटलं वहिनी निदान रडेल, घासाघीस करेल, एक वर्ष तरी मागून घेईल.

"घेतली," ती म्हणाली.

"वहिनी, जरा विचार करा," मी म्हणालो.

"अर्गिरी, डोंगर काही पेटीत कोंडलेला नाही. तू ते टोक उचल."

दरवाजा खडखडत पाण्याला टेकला. फ्रांगोसने मचवा आणला. आणि मग सुरू झाली खरी लढाई! एकेक पेटी दोघांनी उचलायची, मोटारींच्या टपांवरून सरकवायची, मागे न्यायची, वर-खाली होणाऱ्या मचव्यात नेमक्या क्षणी सोडायची. खाली बोटीचं लोखंड, वर मचव्याची कड, मध्ये हात सापडला तर हात गेला. मोटारवाले टपावर ओरखडे पडतील म्हणून शिव्या देत होते. सारंग त्यांच्यापेक्षा मोठ्याने शिव्या देत पेट्या उचलत होता. पाय घसरला. सावरलो! माझ्या मानेवर एक माशी डसली, मग दुसरी, मग मी मोजायचं सोडलं.

तिसऱ्या खेपेला बघतो तर पेटीच्या पलीकडच्या टोकाला कोस्मास.

"उपकार मानू नकोस," तो मला म्हणाला. "तुमची ब्याद लवकर उतरावी म्हणून करतोय."

"मानतोय कोण?" मी म्हणालो.

काम निम्म्यावर आलं तोच एक मोठी लाट बेटाला वळसा घालून आत शिरली. मचवा उसळला. वरची पेटी कलली! मचव्यात उभ्या असलेल्या वहिनीने ती अंगावर झेलली, तिच्यासकट ती मचव्याच्या तळाला आपटली, झाकण उडालं आणि माश्यांचा काळा लोट तिच्या तोंडावर उसळला. जाळीची टोपी वरच ट्रकमध्ये राहिली होती. मी जागच्या जागी थिजलो. कोस्मासने उडी मारली, आपला सदरा काढून पेटीवर दाबला आणि उघड्या अंगाने तिच्यावर पालथा पडला. शिव्यांची लाखोली वाहत होता, मेलाग्राचे, क्सेरीचे, आमच्या बेटाचे सगळे संत त्याने त्यात घेतले. पण पेटी सोडली नाही.

शेवटची खेप किनाऱ्याला लागली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. बेटाच्या आडोशाच्या बाजूला, शेळ्यांच्या भिंतीच्या सावलीत आम्ही पेट्या मांडल्या. वहिनीचा एक डोळा सुजून बंद झाला होता. ती एकेका पेटीपाशी गेली, कान लावला, तोंड उघडलं. पहिलीतून काहीच आलं नाही. दुसरीतूनही नाही. मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. तिसरीतून एक माशी फळीवर आली, ओलीचिंब, मधाने चिकटलेली. थांबली. मागून दुसरी. मग धरण फुटावं तशा बाहेर पडल्या, आणि आपलं नवं घर ओळखून ठेवायला तोंड पेटीकडे करून हवेत गोल गोल फिरू लागल्या. पाच पेट्या मेल्या होत्या. बाकी सगळ्या जिवंत! मी खाली बसून चक्क रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

वहिनीने हिशेब करून ठेवला होता. या खडकावर मध व्हायचा नाही, पण थोडी थिमारी आहे, वारा पडेपर्यंत पोट भरेल. ती इथेच राहणार. मी बोटीबरोबर जायचं, ट्रक सोडवायचा आणि फ्रांगोसबरोबर मचव्यातून तिच्यासाठी पाव आणि माश्यांसाठी साखर पाठवायची. तिला एकटीला टाकून जायचं माझ्या जिवावर आलं. तिने मला हाताने जा जा केलं.

निघताना बघितलं, कोस्मास टाकीतून बादल्या ओढून शेळ्यांच्या दगडी डोणीत ओतत होता. पाण्यात त्याने वाळक्या काटक्या टाकल्या, पुरेशा टाकल्या, माश्यांना बसून पाणी पिता यावं म्हणून. वहिनीने ते पाहिलं. मग कोस्मासही माझ्यामागोमाग मचव्यात चढला.

संध्याकाळी वारा मंदावला आणि बोट मेलाग्राला लागली. उतार वरपासून खालपर्यंत जांभळा झाला होता. माझा ट्रक रिकामा उतरला तशी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. आजवर तिथे मला कोणी पाण्याला विचारलं नव्हतं. आज एकाने खुर्ची पुढे केली, दुसऱ्याने कॉफी मागवली.

"मेल्या का सगळ्या?" दुकानदाराने विचारलं. आवाजात दुःख आणायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला.

"जिवंत आहेत," मी म्हणालो. "क्सेरीवर. कोस्मासच्या पाण्यावर."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कोस्मास बोटीतून उतरून येत होता. सदरा नाही, अंगभर डंखांच्या गांधी, ओठ सुजून वांग्याएवढा झालेला. हे खरं का, असं त्याला कोणीतरी विचारलं.

"वारा होता," कोस्मास म्हणाला, आणि कोणाकडे न बघता घराच्या चढाला लागला.