ऊनाला ती ओळ कुणी शिकवली?

तुम्ही विश्वास ठेवा किंवा हसा. मी त्या खोलीत होतो, त्या खिंडीतही होतो. माझ्यापुरतं एवढं पुरे आहे.

गेला डिसेंबर. आमचं ग्लेन फेनाग, स्कॉटलंडच्या डोंगरातलं खोरं. चार वाजताच अंधार पडतो इथे.

आमच्या मॅककेल्विन कुळाचा सरदार, म्हातारा इव्हांडर, मंगळवारी गेला. शनिवारी त्याला पुरायला खिंडीपलीकडे न्यायचं होतं. कुळातली माणसं शवपेटी खांद्यावरून नेतात आणि पुढे बॅगपाइपवर कुळाचं शोकगीत वाजतं. ते कागदावर नाही. गुरूनं गायचं, शिष्यानं ऐकून उचलायचं. आणि शेवटची ओळ सरदार गेल्यावरच शिकवायची, अशी रीत.

ती ओळ जाणणारा मी एकटा उरलोय. माझी बोटं सांधेदुखीनं वाकली आहेत. म्हणून सगळी भिस्त ऊनावर. बारा वर्षांची पोर, पण असा कान मी आयुष्यभरात पाहिला नाही.

ती ओळ खाली उतरते. अगदी हळू… माणसाला मातीत ठेवावं तशी.

ऊना ती वर न्यायची.

“खाली, बाळा. खाली.”

“पण तुम्ही वरच गाता, मास्तर!”

“अगं, वर गेलं की ते लढाईचं बोलावणं होतं. उठा, जमा व्हा! मेलेल्या माणसापुढे ते वाजवतात का?”

“मग गाता कशाला? आता घसासुद्धा म्हातारा झाला वाटतं तुमचा.”

मी हसलो. पुन्हा गायलो, खाली. तिनं पुन्हा वर वाजवलं.

बुधवारभर हेच. गुरुवारीही हेच. मी मुलांवर ओरडत नाही. त्या दिवशी ओरडलो.

स्वतःचीच लाज वाटून अंगणात जाऊन उभा राहिलो. बर्फ पडत होता. आत शांतता…

मग आत कुणीतरी गायला लागलं.

तो माझा आवाज होता.

तीच घोगरी खरखर, मध्येच तसाच खोकला… आणि ओळ वर, वर चढत गेली.

मी धावत आत गेलो. ऊना शेकोटीकडे तोंड करून मान डोलावत होती.

“आता आलं, मास्तर. असंच ना?”

“कुणाशी बोलतेस?”

ती वळली. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे.

“तुम्ही तर इथे बसला होतात… बुटांना बर्फ कसा?”

त्याच संध्याकाळी मी तॉर्कलला गाठलं. सरदाराचा पुतण्या, पेटी उचलणाऱ्यांचा म्होरक्या.

“शेवटची ओळ वाजू देऊ नकोस,” मी म्हणालो.

“वा मास्तर! शोकगीत मध्येच तोडायचं? काका अर्ध्या वाटेवर अडकून बसला, तर तुमच्या घरी राहायला पाठवू का?”

“अरे, चेष्टा नाही—”

“एक घोट व्हिस्की घ्या आणि झोपा.”

कुणालाच ऐकायचं नव्हतं.

शनिवारी खिंडीत, दगडांच्या राशीपाशी पेटी टेकवली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं राशीवर एकेक दगड टाकला. शेवटची ओळ इथेच वाजते. मी ऊनाला चिकटून उभा राहिलो, तिच्या कानात खालची ओळ गुणगुणत. तिनंही मान हलवली.

सूर निघाला…

वर गेला.

वारा थांबला. ऊना रडत होती. “मी खालीच वाजवलं, मास्तर. खरंच खालीच.”

तॉर्कलनं इशारा केला. माणसांनी जोर लावून पेटी उचलली आणि सगळेच तोल जाऊन मागे कोलमडले.

तॉर्कलचा चेहरा पांढरा पडला होता.

“मास्तर… हिच्यात वजनच नाहीये.”

झाकणाचे स्क्रू जसेच्या तसे होते. उघडून पाहायची कुणाची छाती झाली नाही. तशीच पुरली.

ऊनानं बॅगपाइप सोडला. एवढा कान, आणि सोडला! ती ओळ माझ्याबरोबर मरू नये म्हणून मी रीत मोडली, दुसऱ्या मुलांना शिकवून पाहिलं. सगळी वरच नेतात. किती समजावू? कसं समजावू?

काल सकाळी एकटाच बसलो. म्हटलं, निदान आपण तरी नीट गाऊन ठेवू. डोळे मिटले, श्वास घेतला…

खालची ओळ आठवेना.

तोंडून निघाली ती वरची. थांबवता आली नाही. शेवटपर्यंत गायलो.

मग अंगणातल्या बर्फावर पावलं वाजली. जड, सावकाश. दारापाशी येऊन थांबली…

परत गेल्याचा आवाज अजून आलेला नाही.